विषय क्रमांक बारा

‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द मी आयुष्यात जितक्या वेळा लिहिले, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नसेल. मी नगरपरिषदेत सभा लिपिक होते. म्हणजे नगरसेवकांच्या सभेची विषयपत्रिका तयार करायची, सभा सुरू झाली की अध्यक्षांच्या डाव्या हाताला छोट्या टेबलापाशी बसून कोण काय बोललं ते टिपायचं, आणि मग त्याचं इतिवृत्त लिहून काढायचं. आमची नगरपरिषद डहाणू-तलासरी पट्ट्यातली. नेमकी कुठली ते सांगत नाही. ओळखणारे ओळखतील, आणि ज्यांना आपलाच उल्लेख आहे असं वाटेल ते मला फोन करतीलच. मी निवृत्त झाले तरी त्यांची ती सवय सुटलेली नाही.

मी मूळची बोर्डीची. शाळेत असताना फळ्यावर सुविचार लिहायला मलाच बोलवायचे, एवढं माझं अक्षर चांगलं. त्या अक्षरानेच मला सभा विभागात नेऊन बसवलं. पुढे संगणक आला, माझ्या अक्षराची कुणाला गरज उरली नाही, पण तोवर मला त्या टेबलाची चटक लागली होती. इतरांना आमच्या सभा कंटाळवाण्या वाटायच्या. मला कधीच वाटल्या नाहीत. गावाला काय मिळणार आणि काय नाही, हे माझ्या डोळ्यांदेखत ठरत होतं.

खरं तर ‘ठरत होतं’ हेही अर्धसत्यच. लोकांना वाटतं, पैसा कुठे द्यायचा हे सभागृहात ठरतं. सभागृहात फक्त हात वर होतात. ठरतं ते आदल्या दिवशी अध्यक्षांच्या वाडीत, चिकूच्या झाडाखाली, चहा आणि पापडीबरोबर. तरी सभागृहाला किंमत आहे, कारण तिथे जे होतं ते लिहिलं जातं. ठरावाशिवाय नगरपरिषद कुणाला साधा झाडूही देऊ शकत नाही.

वाट सरळ आहे. संस्थेचा किंवा बचत गटाचा अर्ज येतो, त्याला आवक क्रमांक पडतो, मुख्याधिकारी त्यावर टिप्पणी लिहितात, मग तो विषय सभेपुढे येतो. एक सदस्य सूचक लागतो, एक अनुमोदक. सूचक म्हणजे ‘हे करा’ म्हणणारा, अनुमोदक म्हणजे ‘मलाही तसंच वाटतं’ म्हणणारा. ही दोन माणसं मिळाली नाहीत तर कितीही चांगली योजना फायलीतच राहते. फायलीत राहिलेल्या चांगल्या योजनांचं एक कपाट आमच्याकडे होतं, आणि त्याची किल्ली माझ्याकडे होती.

आमच्या नगरसेवकांची एक रीत होती, जे काही असेल ते सगळ्या प्रभागांना सारखं वाटायचं. वरवर न्याय वाटतो. पण त्यामुळे जे सगळ्या गावाचं असतं ते कुणाचंच राहत नाही, कारण त्यासाठी आपल्या प्रभागाचा घास कोण सोडणार? महिला आणि बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात काही भाग राखून ठेवावाच लागतो. मार्च जवळ आला की तो संपवायची धांदल उडायची, आणि दरवर्षी एकच उपाय सुचायचा, शिलाई मशीन. प्रभागाला इतकी इतकी मशीनं, फोटो, हार, टाळ्या. एकदा पाहणीला गेले तर एका घरात मशीनवर टीव्ही ठेवलेला होता. बाई म्हणाल्या, “उंची अगदी बरोबर आहे, बेन.” त्यांचं काय चुकलं? त्यांनी मशीन मागितलंच नव्हतं.

नाना तऱ्हेची माणसं अर्ज घेऊन यायची. त्यातले एक मगनकाका. भुसारमालाचं दुकान मुलाकडे सोपवून मोकळे झालेले गुजराती गृहस्थ. त्यांचा एकच अर्ज असायचा, दवाखान्याबाहेरच्या चिंचेखाली एक बाकडं द्या. पाड्यांवरून आलेल्या बायका तिथे तासन्‌तास उकिडव्या बसतात, त्यांना टेकायला काहीतरी हवं. स्वतःसाठी काही नाही. दर महिन्याला खिडकीशी येऊन फाइल कुठवर पोचली ते विचारायचे, “बेन, मारी फाइल क्यां सुधी आवी?” मी सांगायचे, “काका, सरकारी काम आणि सहा महिने थांब.” ते म्हणायचे, “छ महिना तो थई गया, हवे बीजा छ गणो.” म्हणजे सहा तर झाले, आता पुढचे सहा मोजा.

शेवटी बाकडं मंजूर झालं. जागेसह ठराव झाला. आणि दुसऱ्या दिवशी एका वजनदार सदस्याचा निरोप आला की जागेचा उल्लेख जरा मोघम ठेवा, ‘प्रभागातील योग्य ठिकाणी’ असं लिहा. मी लिहिलं. तीनच तर शब्द होते. ते बाकडं त्या सदस्याच्या फाटकाशेजारी बसवलं गेलं आणि अजून तिथेच आहे. मगनकाका पुन्हा कधी खिडकीशी आले नाहीत. मला त्याची लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण ‘आपण लहान माणसं’ म्हणून मी ती गिळली.

आता ज्या विषयासाठी हा लेख लिहायला बसले, त्याकडे येते.

आमच्या नाक्यावर सकाळी सातला मजूर जमतात. पूर्वेकडच्या पाड्यांवरून टेम्पोतून बायका येतात. मुकादम त्यांना बांधकामावर, नाहीतर चिकूच्या वाड्यांवर घेऊन जातो. पुरुष झाडावर चढून चिकू उतरवतात, बायका खाली बसून लहानमोठे निवडतात, क्रेट भरतात. जिच्या कडेवर तान्हं मूल तिला मुकादम शेवटी उचलतो, बरेचदा उचलतच नाही. मग मूल झाडाला झोळीत टांगायचं, किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीला शाळेतून काढून त्याच्यापाशी बसवायचं. नाही तर घरीच राहायचं आणि त्या दिवशीची मजुरी सोडायची.

जानकीताई अंगणवाडीत मदतनीस होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी नाक्याजवळच्या जुन्या जकात चौकीत ही मुलं सांभाळायला सुरुवात केली. जकात बंद होऊन वर्षं झाली होती, चौकीला कुलूपही नव्हतं. छताच्या आढ्याला त्यांनी पाच झोळ्या बांधल्या, चूल मांडली, खिचडी शिजवायला लागल्या. कुणाची परवानगी घ्यायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. नगरपरिषदेची नोटीस आली तेव्हा ती घेऊन त्या माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

“बाय, मी वाचलंय सगळा. पन ह्यात काय सांगतात ता नाय कळला.”

नोटिशीत लिहिलं होतं, जागा रिकामी करा. चौकी पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते. मी त्यांना ते सांगितलं. त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. म्हणाल्या, “गाळ्यात पोरां ठेवता येतील का?”

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. मी त्यांना बसवलं. तुमच्या एकटीच्या नावावर अर्ज चालणार नाही, बचत गटाच्या नावाने करा. जागा वापरायला द्या आणि दोन बायकांना मानधन, मुलांना दूध-खिचडी द्या, अशी मागणी लिहा. हे बालकल्याणातच बसतं, असं सगळं समजावलं. अर्ज त्यांनीच लिहिला, दोन दिवस लावून. मी फक्त आवक क्रमांक टाकला.

विषयपत्रिका सदस्यांना सात दिवस आधी पोचवावी लागते. तिच्यातल्या विषयांचा क्रम लावणं माझ्याकडे असायचं, आणि त्यात कला आहे. पहिल्या पाच विषयांवर सगळे ताजेतवाने असतात, भांडतात. शेवटचे विषय वेळेअभावी तहकूब होतात, म्हणजे पुढे ढकलले जातात. मधल्या विषयांच्या वेळी भूक लागलेली असते आणि माणसं उदार होतात. पाळणाघराला मी बारावा क्रमांक दिला. तो मुद्दाम दिला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सभेच्या दिवशी तिसऱ्याच विषयावर पेटलं. विषय पाण्याच्या टँकरचा होता. कुणाच्या प्रभागात किती फेऱ्या झाल्या यावरून सुरुवात झाली आणि गोष्ट घराण्यांपर्यंत गेली. एक सदस्य दुसऱ्याला म्हणाले, तुमच्या मेव्हण्याच्या हॉटेलात टँकर रिकामा होतो. दुसरे म्हणाले, तुम्ही तर टँकरच्या पाण्याने म्हशी धुता. तिसऱ्यांनी थेट वरच हात घातला, टँकर आधी अध्यक्षांच्या कलमांना पाणी घालतो आणि उरलं तर गावाला. दीड तास हे चाललं. मी सगळं टिपत होते. अध्यक्ष घामाघूम झाले. कसेबसे आठव्या विषयापर्यंत आले आणि म्हणाले, “नऊ ते चौदा सगळे मंजूर? मंजूर?” सगळे ओरडले, “मंजूर, मंजूर!”

मी रीतीप्रमाणे उठून प्रत्येक विषयाचा सूचक-अनुमोदक विचारला. बाराला मागच्या रांगेतल्या वनिताताई म्हणाल्या, “माझं नाव लिहा.” त्यांनी विषयपत्रिका वाचली होती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. त्यांच्या शेजारच्यांनी अनुमोदन दिलं. ते सवयीने दिलं असावं, पण सवयीचं अनुमोदनही अनुमोदनच असतं.

दुपारी अध्यक्षांनी दालनात बोलावलं.

“बेन, बाराचं तहकूब लिवा.”

“मंजूर झालंय, साहेब.”

“अहो, मी नऊ ते चौदा बोललो ते रस्तेगटारं समजून. आत पाळणाघर घुसलंय ते मला काय माहीत?”

“विषयपत्रिका सात दिवस आधी घरी पोचलीय. पोच आहे.”

“पोच घरच्यांनी घेतली असेल. हे बघा, त्या बायका आपल्या हद्दीतल्या नाहीत. एकीचं नाव मतदार यादीत दाखवा मला. उद्या माझ्या प्रभागातली बाई बोलेल, भाऊ, पट्टी आम्ही भरतो आणि खिचडी बाहेरच्यांच्या पोरांना? मी काय तोंड दाखवू?”

हे मान्य करायला हवं की प्रश्न वाकडा नव्हता. गावाचा पैसा गावाच्या माणसांवर खर्च व्हावा, असं म्हणणारा माणूस काही दुष्ट नसतो. माझ्याकडे उत्तर होतं. हद्दीतल्या प्रत्येक नव्या इमारतीची घमेली ह्याच बायकांनी वाहिली होती. पण उत्तर देणं माझं काम नव्हतं. मी म्हणाले, “साहेब, हे तुम्ही सभेत बोलायला हवं होतं. मी लिहिलं असतं.”

त्यांनी समोरची विषयपत्रिका मिटून बाजूला सारली. मग शांतपणे म्हणाले, “जन्म-मृत्यूची खिडकी रिकामी आहे. तिकडं बसायला आवडेल तुम्हाला?”

मी बाहेर येऊन माझ्या टेबलाशी बसले. मी शूर वगैरे नाही. बदलीची मला भीती वाटत होती, आणि त्या टेबलाशिवायचं ऑफिस मला नको होतं. पण आणखी तीन शब्द बदलून मला पुन्हा त्या खुर्चीत बसता आलं नसतं, हेही तितकंच खरं.

तरी नुसतं ‘मंजूर’ लिहून भागणार नव्हतं. पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमी एकच असतो, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. तिथे बहुमताने ‘इतिवृत्त चुकलं आहे’ म्हटलं की माझं लिहिलेलं पुसलं जातं. बहुमत अध्यक्षांकडे होतं. एरवी इतिवृत्त कुणी वाचत नाही, ‘वाचले असे समजून कायम’ म्हणतात आणि पुढे जातात. पण एखाद्या सदस्याने मागणी केली तर ते पूर्ण वाचून दाखवावं लागतं.

एरवी मी भांडणांवर पांघरूण घालायचे. दीड तासाची शिवीगाळ असली तरी ‘साधकबाधक चर्चेअंती’ एवढंच लिहायचे. सगळे सभा लिपिक तेच करतात, ती आमची दयाबुद्धी. या वेळी मी दया केली नाही. माझ्या टिपणवहीतलं प्रत्येक वाक्य, बोलणाऱ्याच्या नावासह, स्वच्छ लिहून काढलं. एक अक्षर वाढवलं नाही, एक गाळलं नाही. मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, “हे असंच झालं होतं?” मी म्हटलं, “हो.” त्यांनी सही केली. कागद परत देताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

पुढच्या सभेला प्रेक्षकांच्या बाकांवर जानकीताई होत्या आणि सोबत पंधरा-सोळा बायका, मुलांना घेऊन. त्या दिवशीची मजुरी बुडवून आल्या होत्या. चौकी राहणार की पाडणार, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. त्यांतली एक अवघडून बाकाच्या कडेला टेकली होती, मांडीवरचं मूल रडू नये म्हणून सारखं थोपटत होती.

अध्यक्ष म्हणाले, “इतिवृत्तात बाराव्या विषयाची नोंद चुकलेली आहे, ती दुरुस्त करून...”

वनिताताई उठल्या. “काय चुकलंय ते आम्हाला कळू दे. पूर्ण वाचून दाखवा.”

मी उभी राहिले आणि वाचायला लागले. पहिला विषय झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला म्हशी आल्या. प्रेक्षकांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मेव्हण्याचं हॉटेल आलं. ते सदस्य अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. एक जण म्हणाले, “बाई, एवढं कशाला वाचताय?” मी म्हटलं, “नियमाप्रमाणे पूर्ण वाचावं लागतं,” आणि पान उलटलं. आवाज मी नेहमीचाच ठेवला होता, बातम्या वाचतात तसा. पत्रकारांच्या बाकावर दोघांनी वह्या उघडल्या. आता अध्यक्षांच्या कलमांची पाळी होती. मी वाक्य सुरू केलं, “सदस्य पुढे म्हणाले की टँकर आधी...”

“बस!” अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. “इतिवृत्त कायम. कुणाची हरकत?”

कुणाची नव्हती. सगळ्यांना आपापलं वाक्य लवकरात लवकर मिटवून टाकायचं होतं.

मी विचारलं, “सगळं कायम, साहेब? नऊ ते चौदा धरून?”

“सगळं!”

बाहेर व्हरांड्यात जानकीताईंनी माझा हात धरला. “बाय, आमचा कवा येल?”

“झालं की तुमचं. मंजूर झालं, कायमही झालं.”

“कवा? तू तं पान्याचाच वाचत होतीस.”

मी नोकरीत इतकी कधी हसले नव्हते. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलंही नाही.

आठ दिवसांत मी जन्म-मृत्यूच्या खिडकीत गेले. दाखले लिहिणं वाईट काम नाही, पण सभेच्या दिवशी वरून आरडाओरडा ऐकू आला की हातातलं पेन थांबायचं. अध्यक्ष जिन्यात भेटले तर दुसरीकडे बघायचे. पाळणाघर मात्र सुरू झालं. चौकीला रंग लागला, झोळ्या पाचाच्या नऊ झाल्या. पण असा ठराव एका वर्षापुरताच असतो. वर्ष संपलं की पुन्हा विषय, पुन्हा सूचक, पुन्हा अनुमोदक, आणि या वेळी कसली धांदल नव्हती. विषय पाचव्या क्रमांकावर होता. सगळे ताजेतवाने असणार होते.

त्या दिवशी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि प्रेक्षकांत जाऊन बसले. जानकीताई आल्या नव्हत्या. पोरं कुणावर टाकून येणार? माझ्या जागी स्मिता म्हणून नवी लिपिक बसली होती. पाचवा विषय तिने वाचला आणि विचारलं, “सूचक?” वनिताताई उठणार इतक्यात अध्यक्षच उभे राहिले.

“उपाध्यक्षांनी खुर्ची घ्यावी,” ते म्हणाले.

आमच्याकडे रिवाज असा की खुर्चीत बसलेल्याने सूचक व्हायचं नाही. ते व्यासपीठावरून उतरले, खाली येऊन सदस्यांच्या रांगेत रिकाम्या जागेवर उभे राहिले. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

“ह्या वर्षी माझ्या वाडीत चिकू वेळेवर निवडून गेला,” ते म्हणाले. “बायका रोज आल्या. झाडाला झोळ्या टांगलेल्या नव्हत्या, त्यांचं अर्धं लक्ष तिकडं नव्हतं. गेल्या वर्षी मी बोलत होतो, ह्या हद्दीबाहेरच्या आहेत. कामाला घेताना मी कधी हद्द विचारली नव्हती. सूचक म्हणून माझं नाव लिवा.”

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

स्मिताने विचारलं, “अनुमोदक?” आणि हात वर झाले. आधी वनिताताईंचा, मग म्हशीवाल्यांचा, मग हॉटेलवाल्यांचा, मग पुढच्या रांगेतले सगळे. अनुमोदक एकच लिहायचा असतो. ती गोंधळली आणि नकळत वळून माझ्याकडे बघायला लागली. प्रेक्षकांनी सभेत बोलायचं नसतं, हे मीच वर्षानुवर्षं लोकांना दटावून सांगितलेलं. मी उभी राहिले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सगळ्यांची नावं लिही.”